शेवटच्या अक्षराच्या डावीकडे

१

माझं काम दोरे कापायचं. भरतकामाचं मशीन एक अक्षर भरून झालं की पुढच्या अक्षरावर उडी मारतं, आणि त्या उडीचा दोरा कापडावर तसाच लोंबत राहतो. तो डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, जरासा ताणायचा आणि बाकदार कात्रीनं टाक्याच्या मुळाशी कापायचा. शाळेत मी फार गेलो नाही, पण या कामाला शाळा लागत नाही. धीर लागतो. तो माझ्याकडे जरा जास्तच आहे असं माझी बायको म्हणायची, आणि ती ते कौतुकानं म्हणत नसे.

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशीन, माझं टेबल आणि खिडकीशी माझ्या मुलीचा कॉम्प्युटर. मागच्या खोलीत दुपट्यांचे गठ्ठे छतापर्यंत. मालकीण दाराशी बसते. जीभ तिखट, मन बरं. प्रसूतिगृहासमोरच्या दुकानदाराकडून नावं येतात, मुलगी ती कॉम्प्युटरवर घेते, मशीन ती दुपट्यांवर भरतं आणि मी दोरे कापतो.

एकदा दुकानदारानं विचारलं, अरबी लिपीतली नावं जमतील का, गिऱ्हाईक बरंच आहे. मालकीण नाही म्हणायला शिकलेलीच नाही. पहिला गठ्ठा गेला आणि दुसऱ्या दिवशी दुकानदार तो काखेत मारून परत आला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. आमच्या जुन्या मशीननं प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढलं होतं, आणि तेही उलट्या बाजूनं. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षरं एकमेकांना धरून चालतात, हे त्यानं आम्हाला समजावलं. तुम्ही पोराचं नाव पायाकडून लिहिलंत आणि हातपायही वेगळे करून ठेवलेत, असं तो म्हणाला. मालकीण म्हणाली, बसच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसतात खरी.

मग मुलीनं महिनाभर डोकं लावलं. आधी एकेक रूप हातानं निवडून, ओळ उलटी लावून कशीबशी नावं जुळवली. पुढं नवा प्रोग्रॅम आला, तो आपणच अक्षरं जोडू लागला. नाव एका दमात भरून व्हायचं. वरखालचे ठिपके आणि मध्येच हात सोडणारी दोनचार अक्षरं, तेवढेच दोरे माझ्या वाट्याला यायचे. मला ती लिपी वाचता येत नाही, पण तिनं माझं काम निम्म्यावर आणलं, म्हणून मला ती आवडायची.

२

एका दुपट्यावर नाव संपलं होतं, पण दोरा संपला नव्हता.

शेवटच्या अक्षरातून तो डावीकडे निघाला होता. दोन बोटं कोरं कापड ओलांडून एका बारीक गाठीच्या टाक्यात शिरला होता. त्या टाक्यावर काही नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग अक्षराकडे लक्ष गेलं. त्या लिपीत शेवटचं अक्षर बहुतेक वेळा खाली वळून पोट सोडून बसतं, जेवण झालेल्या माणसासारखं. हे बसलं नव्हतं. आखूड होऊन, डावीकडे हात पुढं करून ते उभं होतं.

एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी वाटली नाही. उडीचा दोरा नेहमी सैल असतो, हा ताणलेला होता. कापला तेव्हा ‘टक’ असा आवाज आला.

मालकिणीनं मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मशीन उघडलं, तेल घातलं, सुई बदलली. मशीनला काही झालेलं नाही, सांगितलेलंच ते करतं, असं म्हणून वर अगदी नवऱ्यासारखं आहे असंही म्हणाला. मालकीण म्हणाली, तुझ्या बायकोला विचारते. आम्ही सगळे हसलो. मुलगीही हसली. ती हसली म्हणून मला तो दिवस लक्षात आहे.

३

मुलीबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी तिचं बाळ जन्मालाच निर्जीव आलं. मुलगा होता. नाव ठरायचं होतं, ते ठरलं नाही, आणि मग ठरवण्याचं कारण उरलं नाही. जावई जहाजावर कामाला, महिनोन् महिने बाहेर. तो रडून परत गेला. मी तिच्याजवळ राहायला आलो. कितीतरी दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मालकीण घरी आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, कामावर ये, माझं कॉम्प्युटरपाशी अडतंय. बाळांच्या दुपट्यांचं काम हिला कसं द्यायचं, असं मला वाटलं होतं. पण ती गेली, आणि त्या कामानंच तिला उठवून बसवलं. हळूहळू भात खाऊ लागली, मला टोमणे मारू लागली. म्हणून ते काम तिच्या हातून सुटू नये एवढंच मला वाटे.

मिस्त्री गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बराच वेळ बसली. मग मला बोलावून दाखवलं. मला पडद्यावर आकडेच दिसत होते.

ती म्हणाली, “बाबा, मशीनला अक्षर दिसत नाही. प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो, तेवढाच त्याला कळतो. या लिपीत एका अक्षराची चार रूपं. एकटं असेल तर एक, सुरुवातीला दुसरं, मध्ये तिसरं, शेवटी चौथं. पण नंबर एकच. कुठलं रूप घ्यायचं ते कुठंही लिहिलेलं नसतं. शेजारी कोण आहे ते बघून ठरतं.”

मी म्हणालो, माणसाचंही तसंच असतं.

“हो ना. शेवटचं अक्षर हात पुढं करून उभं आहे म्हणजे त्याच्या मते पुढं कोणीतरी आहे.” तिनं पडद्यावर बोट ठेवलं. नावाचे नंबर संपले होते, आणि त्यापुढं आणखी एक नंबर होता. “हा बघा. याला रूप नाही, रुंदी नाही, आवाज नाही. कागदावर दिसणार नाही. याचं काम एवढंच, की शेजारच्या अक्षरानं त्याला हात द्यावा.”

असलं काही कोणी मुद्दाम कशाला करेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, लागतं कधीकधी, अक्षराचं मधलं रूप नुसतं दाखवायचं असलं तर. फोनवरून नावं येतात, कुठल्या तरी फोननं ते चिकटवलं असेल. मला ते पटलं. कपड्याला कुसळ चिकटून येतं तसं. तिनं तो नंबर पुसला, नाव पुन्हा भरलं, अक्षर पोट सोडून नीट बसलं.

पण पुसण्याआधी ती थांबली होती. बटणावर बोट ठेवून, थोडी.

४

त्याच आठवड्यात ते पुन्हा आलं. नंतर पुन्हा. वेगळी नावं, वेगळे फोन. काही नावांवर मात्र कधीच आलं नाही. मुलगी म्हणाली, त्यांची शेवटची अक्षरं डावीकडे कोणालाच हात देत नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. ती दुपटी माझ्या हाताखाली आली की मला बरं वाटायचं, आणि बरं का वाटावं, म्हणून माझा मलाच राग यायचा.

एक बाप स्वतः आला. त्यानं नाव तोंडानं सांगितलं, मुलीनं एकेक अक्षर टाइप केलं, आणि तो मागं उभा राहून बरोबर म्हणत गेला. ना फोन, ना निरोप. मीही मुद्दाम पाहत उभा होतो. मशीन चाललं. ठिपके झाले. मग सुई डावीकडे सरकली, कोऱ्या कापडावर एकदाच खाली गेली आणि थांबली. मशीन थांबल्यावर पंख्याचा आवाज ऐकू येतो, तो येऊ लागला. बाप म्हणाला, छान झालंय. त्याला काही दिसलं नाही. मी दोरा कापला. टक.

मालकीण म्हणाली, हा नवा प्रोग्रॅमच भिकार आहे, जुन्या रीतीनं करा. जुन्या रीतीत मशीनला काही ठरवायचं नसतं. प्रत्येक रूपाचा वेगळा नंबर असतो, आपण बसलेलं अक्षर दिलं की बसलेलंच भरतं, शेजारी कोणी असो नसो. फक्त ओळ उलटी लावायची, म्हणजे शेवटचं अक्षर आधी. मुलीनं तसं केलं. मी टेबल सोडून मशीनपाशी जाऊन उभा राहिलो.

सुई खाली आली ती कोऱ्या कापडावर. एक टाका. मग ती उजवीकडे सरकली आणि अक्षर भरू लागली. अक्षर नीट बसलेलं होतं, हात वगैरे काही पुढं केलेला नव्हता. पण दोरा होता. ओळ उलटी होती, म्हणून त्याची दिशाही उलटी झाली होती. इतके दिवस तो नावातून बाहेर जात होता. आता बाहेरून नावाकडे आला होता.

मी मुलीकडे पाहिलं. तिनं पडद्यावरचे नंबर मला दाखवले. जास्तीचा एकही नव्हता. ती शांत होती. मालकिणीला मी सांगितलं की जुनी रीतही जमत नाही, आणि आम्ही नव्याकडे परत आलो.

५

एक बाई बाळाला खांद्यावर घेऊन आली. तिचं दुपटं माझ्या नजरेतून निसटलं असावं, दोरा तसाच होता. तिची तक्रार शेवटच्या अक्षराबद्दल होती, ते चुकलंय म्हणून. मालकिणीनं बसवलं, पाणी दिलं. बाईचे डोळे झोपेविना सुजले होते. सहज बोलल्यासारखी ती सांगू लागली, की तिची तान्ही पोर पलंगाच्या मध्ये झोपतच नाही. इवलीशी, अजून कूस वळता येत नाही, पण सकाळी बघावं तर उजव्या कडेला चिकटलेली. जागा करून दिल्यासारखी. आणि डावा हात बाजूला पसरलेला, मूठ घट्ट.

माझ्या मुलीनं खुर्ची वळवली. तिनं विचारलं, “मुठीत काही असतं का?”

बाई म्हणाली, “काही नाही. पण उघडू गेलं तर रडते.”

दुपटं आम्ही ठेवून घेतलं. मी ते अक्षर टाका टाका उसवलं, मुलीनं नंबर पुसून ते बसलेल्या रूपात पुन्हा भरलं. पुढं दुकानदाराकडून कळलं, की बाळ आता पलंगाच्या मधोमध झोपतं. मी देवाला हात जोडले आणि स्वतःला समजावलं, की बाळं अशीच असतात, चार दिवस एक खोड, चार दिवस दुसरी.

बाई येऊन गेली त्या संध्याकाळी घरी परतताना मुलगी रस्त्याच्या कडेनं चालत होती. मला वाटलं, माझ्यासाठी जागा सोडली. मी तिच्या डावीकडे गेलो, तर तिनं मला हलकेच मागं सारलं.

ती म्हणाली, “त्याला नाव नाही ना, बाबा. म्हणून दुसऱ्यांच्या नावांमागं उभा राहतो. लोक पुसतात त्याला.”

 पुसत तर तीच होती.

६

मग एका सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो, तर ती पलंगाच्या उजव्या कडेला, अगदी पडायच्या बेतात झोपली होती. डावा हात पसरलेला. हाताखाली दुपटं. ते मी ओळखलं. तिच्या बाळासाठी घेतलेलं, पिवळ्या काठाचं. त्यावर त्या लिपीत एक नाव भरलं होतं, पोराचं नव्हे, तिचंच, हे तिनं मला मागाहून सांगितलं. शेवटचं अक्षर हात पुढं करून उभं होतं, आणि दोरा कोरं कापड ओलांडून काठापर्यंत गेला होता.

बाप म्हणून जे करायचं ते मी केलं. कात्री आणली आणि तिची झोप न मोडता दोरा कापला. तिनं डोळे उघडले. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “बाबा, तुम्हीसुद्धा?” आणि भिंतीकडे वळली. ती पाठ मी वर्षभरापूर्वी महिनेच्या महिने पाहिली होती. दोन दिवस ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी कामावर गेली आणि दोरा पुन्हा भरून आणला.

तिचं अन्न तुटलं. बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे, वेळ द्या. तिची तक्रार काहीच नव्हती. उलट आनंदात असायची, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटे. बोलताबोलता अर्ध्यात थांबायची आणि डावीकडे बघायची. एकदा भाजी निवडताना म्हणाली, अजून जरा सरकले की त्याला पुरेल. मी विचारलं, सरकून जाणार कुठं? ती पाटासकट आणखी बोटभर उजवीकडे सरकली.

मी शिकलेला नाही. मनाचं काय आणि कापडाचं काय, ते मला वेगळं करता येईना. पण कारखान्यात रोज जे डोळ्यांनी पाहत होतो ते मला कळत होतं. दोरा कापून काही होत नाही, आणि अक्षर उसवून बसवलं असतं तरी तिनं ते पुन्हा भरून आणलं असतं. जो हात पुढं करून उभा आहे तो मोकळा व्हायचा असेल, तर त्याच्यापुढं दुसरं कोणीतरी उभं राहायला हवं. मग तो मधला होतो, आणि शेवटचा दुसराच कोणी.

७

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिला कारखान्यात घेऊन गेलो. दुपटं तिनंच उराशी धरलं होतं. दार लावलं, खिडकी उघडी ठेवली. रस्त्यावर पोरं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता. मागच्या खोलीत अंधार होता. तिथं दिवसाही दिवा लावावा लागतो, मी लावला नाही. तिकडं बघायचंच नाही असं ठरवून आलो होतो.

मी तिला म्हणालो, तुझ्या नावाच्या पुढं माझं नाव भर. मध्ये जागा सोडू नको, अक्षराला अक्षर लावून भर.

तिला लगेच कळलं. तिचा चेहरा आक्रसला. “तो माझ्याकडे आलाय, बाबा.”

“तुझाच आहे. मी कुठं नेतोय?” मी म्हणालो. “पण मूल आजोबाकडे बसत नाही का? तू लहान होतीस, तेव्हा तुझी आई दुपारी अशीच तुला माझ्या मांडीवर टाकायची आणि घटकाभर आडवी व्हायची. सगळ्या आया होतात. तूही हो.”

ती खूप वेळ दुपट्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग वर्षभरात पहिल्यांदा ती मला दमलेली दिसली. साधी, माणसं दमतात तशी.

“उठला तर मला हाक माराल?”

मारीन म्हणालो.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. मला एकच धाकधूक होती, म्हणून विचारलं. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर डावीकडे हात देतं का? तिनं पाहिलं.

“देतं, बाबा.”

आम्ही दुपटं रिंगेत ताणलं. तिच्या नावाचं शेवटचं अक्षर उसवून काढलं, आणि मशीन तिथून पुढं चाललं. तिचं ते अक्षर माझ्या पहिल्या अक्षराला जाऊन मिळालं. तेवढा जोड भरून झाला आणि मुलीनं लांब श्वास सोडला, पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखा. माझं नाव भरलं. शेवटी सुई सरकली, कोऱ्या कापडावर एकदा खाली गेली आणि थांबली.

“बाबा, मला झोप येतेय,” ती म्हणाली. गठ्ठ्यातली चार दुपटी जमिनीवर पसरून ती मधोमध आडवी झाली. हातपाय सैल, तोंड जरासं उघडं, लहानपणी झोपायची तशी. पाहता पाहता घोरू लागली.

मी दुपटं टेबलावर घेतलं आणि सवयीनं तो दोरा डाव्या हाताच्या चिमटीत धरला. कात्री घेतली नाही. दोरा ताणलेला होता. मग हलकेच ओढ बसली, एकदा, पुन्हा एकदा, पोरं बापाचा सदरा ओढतात तशी. खरं सांगतो, मला भरून आलं. मी मनात म्हणालो, ये रे बाळा, मी आहे.

तेव्हा माझा हात धरला गेला.

मी बरीच बाळं मांडीवर घेतली आहेत. बाळ हात धरतं म्हणजे बोट धरतं. त्याच्या मुठीत आपलं एक बोट मावतं, फार तर दीड. या मुठीत माझा अख्खा हात मावला. मनगटासकट, आणि वर जागा उरली.

मी मान वळवली नाही. डावीकडून, मागच्या खोलीच्या दारातून, थंड हवा येत होती, आणि दार भरून कोणी उभं असलं की खोलीतला उजेड जसा कमी होतो तसा तो कमी झाला होता, एवढं मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळलं. बाहेर पोरं खेळत होती. मूठ घट्ट होत होती, घाई न करता.

मुलगी झोपेतच कुशीवर वळली आणि पुटपुटली, “उठला का, बाबा?”

“नाही,” मी म्हणालो. “झोपलाय. तू झोप.”